हाराचा फोटो

लग्नाच्या आठ दिवस आधीपासून प्रेमिला रिकाम्या कॅमेऱ्याने फोटो काढत होती. मागच्या खोलीतल्या खुर्चीचे, दोरीवर वाळत घातलेल्या प्रिंटांचे, पाठमोऱ्या गुणवंतरावांचे. डोळा लावायचा, बटण दाबायचं, अंगठ्याने लिव्हर ओढायची, पुन्हा डोळा लावायचा. एक रोल घालून सराव करू का, असं तिने एकदा विचारून पाहिलं. गुणवंतराव म्हणाले, "सरावाले रोल कायले पाह्यजे? हात बसला म्हंजे झालं."

वडशाच्या स्टेशन रोडवर गुणवंतरावांचा स्टुडिओ होता. प्रेमिला तिथे एकोणिसाव्या वर्षी लागली आणि आता तिला सव्विसावं चालू होतं. बाप तलावावर जाळं टाकणारा. पोरीला सावलीतलं काम मिळालं यातच घरचे खूश होते. ती सावली मात्र जरा जास्तच होती. खिडकीला काळा पुठ्ठा ठोकलेला, दाराला काळा पडदा, समोर टेबलावर तिरपी काच, काचेखाली दिवा आणि काचेवर निगेटिव्ह. टोकदार शिसपेन्सिलीने ती देवीचे व्रण बुजवायची, डोळ्यांखालचं काळं घालवायची, मिटलेले डोळे उघडायची. दिवाळीनंतर नाटकांचे दिवस आले की नटनट्यांचे फोटो यायचे, उन्हाळ्यात नवरा-नवरीचे. "जरा उजळ करजा," असं प्रत्येक नवरीची आई काउंटरवर सांगून जायची. तिने हजारभर नवऱ्या पाहिल्या असतील, पण त्या सगळ्या निगेटिव्हवरच्या. केस पांढरे, दात काळे. खऱ्या लग्नात कॅमेरा घेऊन ती कधी गेली नव्हती.

शहाऐंशी सालच्या एप्रिलात एकाच तारखेला दोन लग्नं आली. वडशातलं राइस मिलवाल्यांचं गुणवंतरावांनी स्वतःकडे ठेवलं. दुसरं चिचटोल्याचं होतं. कुरखेड्याच्या पुढे जंगलातली कच्ची सडक, आणि दिवसातून एकच एसटी. संध्याकाळी यायची, गावातच मुक्काम करायची आणि सकाळी सहाला परत निघायची. देवराव नावाचे शेतकरी पुतणीच्या लग्नाचे फोटो ठरवायला आले होते.

"बाई चालन का?" गुणवंतरावांनी विचारलं.

देवरावांनी पडद्याजवळ उभ्या असलेल्या प्रेमिलाकडे पाहिलं. "फोटो आले पाह्यजे. बाई काढो का मानूस काढो."

निघायच्या आदल्या दिवशी गुणवंतरावांनी तिला समोर बसवून सगळं समजावलं. जुना मोठा कॅमेरा ते स्वतः वापरणार होते. नागपूरहून कोणाचा तरी वापरलेला छोटा आणला होता, छत्तीस फोटोंच्या रोलचा, तो तिला. दोन रोल, फ्लॅश, सेलचे दोन जोड, लेन्स पुसायला जुन्या धोतराचा धुतलेला तुकडा.

"बौद्धाचं लगन आहे," ते म्हणाले. "फेरे नाईत, अंतरपाट नाई. बुद्धाच्या आन बाबासायबाच्या फोटोपुढं त्रिसरण-पंचशील होते, मंग हार. हार घातला का लगन लागलं. थो फोटो चुकला त बाकीचे पस्तीस चुलीत घाल. आन दोघंबी पांढऱ्या कपड्यात रायतीन. उजेडाचं मीटर पांढऱ्याले भुलते. त्याचं आयकलं त तोंडं काळीठिक्कर येतीन. मीटर सांगन त्याच्याहून लेन्स एक घर जास्त उघड."

"आन काई चुकलंच त?"

"त तोंड उघडाचं नाई. हसत राहाचं. बाकी आपून टेबलावर पाहू. टेबलावर का होत नाई?"

हे तिला पटलं. टेबलावर काय काय होतं हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं?

चिचटोल्याला ती लग्नाच्या आदल्या संध्याकाळी पोचली. नवरीचं नाव गोकुळा. दहावी झालेली, उंच, कमी बोलणारी. ती नऊ वर्षांची असताना बाप वारला होता आणि काकानेच, देवरावांनी, तिला वाढवलं होतं. तिची आई ठमाबाई प्रेमिलाला दोन-तीनदा दिसली ती पाण्याचे गुंड वाहताना आणि तांदूळ निवडताना. घरच्या लग्नात जशा बाया कामात असतात तशी.

सकाळी दहाच्या सुमारास ओसरीवरच्या कोपऱ्यात बसून प्रेमिलाने रोल घातला. रोलचं टोक पलीकडच्या चक्रीच्या फटीत खोचायचं असतं. हाताला घाम होता. दोनदा टोक निसटलं. तेवढ्यात डफडं वाजलं आणि कोणीतरी ओरडलं, "बाई, वऱ्हाड आलं न!" तिने टोक तिसऱ्यांदा खोचलं, झाकण लावलं आणि पळाली.

बल्लारपूरहून ट्रकने वऱ्हाड आलं होतं. नवरदेव तिथे कागदाच्या कारखान्यात कामाला होता. मांडवात पांढऱ्या चादरीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या, फुलं. प्रेमिलाने सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. एक घर जास्त उघडलं. गुडघ्यावर बसून काढले, बाजेवर चढून काढले. माणसं बाजूला होऊन तिला वाट देत होती. मेणबत्ती लावताना देवराव, हात जोडलेली जोडी, आणि मग हार. गोकुळाने हात वर केले तेव्हा प्रेमिला इतकी जवळ होती की झेंडूचा वास तिच्या नाकात गेला. दोन काढले, तिसरा नवरदेवाने हार घालतानाचा. लोकांनी फुलं टाकली, तीही काढली. सात वर्षांत एवढ्या उजेडात तिने काम केलं नव्हतं. आपल्याला हे येतं, असं तिला वाटलं, आणि ते वाटणं तिने दोन तास मनात जपलं.

जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा तिने आकड्याच्या खिडकीत पाहिलं. छत्तीस. आता लिव्हर अडायला हवी होती. ती अडली नाही. सदतीस झाले. अडतीस. एकोणचाळीस. लिव्हर लोण्यात सुरी फिरावी तशी फिरत होती.

तिने रोल परत गुंडाळायची कळ फिरवली. हाताला काहीच ओढ लागली नाही.

तिने घरात जाऊन एका बाईला विचारलं, "अंधाराची खोली आहे का कुठी?" बाईने धानाच्या कोठीची खोली दाखवली. दार लोटून ती आत गेली. आत धानाची कणगी, पोती, आणि भिंतीला टेकून कोणीतरी बसलेलं होतं.

"कोन?" प्रेमिला दचकली.

"मी होय, ठमा. गोकुळाची माय. काई पाह्यजे का बाई?"

"मले... कॅमेरा उघडाचा आहे. अंधार लागते."

"मंग लाव दार. मी बसतो चूप."

प्रेमिलाने दार लावलं, पोत्यावरची गोधडी डोक्यावरून घेतली आणि कॅमेरा मांडीवर धरला. एप्रिलची दुपार. गोधडीखाली श्वास कोंडत होता, घाम डोळ्यांत जात होता. बाहेरून ठमाबाईंचा आवाज सावकाश येत राहिला.

"पंगत बसली का?"

"बसली."

"पोरगी कशी दिसत होती वं?"

प्रेमिलाचे हात थांबले. "तुमी पाह्यलं नाई?"

"मी इथीच होती. नवरदेवाची आत्या ट्रकातून उतरल्या उतरल्या बोलली, हार घालताना रांडमुंड बाई समोर नको. देवरावभाऊनं म्हटलं, वयनी, उगाच तोंडं लागाची, तू घडीभर आत बस. बसली मंग. बाबासायबानं सांगतलं ते समद्याईले पाठ आहे. पन जुनं जात नाई लोकाईच्या जिभेवरून. जाऊ दे. तू हायेस न. मी फोटोतच पाहीन."

प्रेमिलाने झाकण उघडलं. बोटांनी चाचपलं. पलीकडची चक्री रिकामी होती. रोलचं टोक बाहेर जिभेसारखं लोंबत होतं, आणि बाकी सगळा रोल, कोराच्या कोरा, डबीत होता. एकही फोटो आलेला नव्हता.

ती गोधडीखालून लगेच बाहेर आली नाही. बाहेर आली की काहीतरी बोलावं लागणार होतं.

"झालं का वं तुयं?" ठमाबाईंनी विचारलं.

"झालं," ती म्हणाली.

दुसरा रोल तिने तिथेच घातला. या वेळी टोक नीट खोचलं, एक फेर फिरवून बघितला, मग झाकण लावलं. वऱ्हाड जायला अजून तास-दीड तास होता. बौद्ध लग्नाला मुहूर्त नसतो. आत्ता जाऊन सांगितलं तर कदाचित पुन्हा दोन हार आणून उभं करतील, हसतील, एखादी म्हातारी बडबडेल, एवढंच. ती देवरावांकडे निघाली. ते पंगतीत वाढत होते. व्याह्यांच्या चारचौघांत त्यांनीच तिला पाहून विचारलं, "काऊन बाई, हाराचा फोटो झकास आला असन न?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली.

त्या एका 'हो'नंतर परतीची वाट राहिली नाही. तिने पंगतीचे काढले, दोन्ही घरांचे एकत्र काढले, ट्रकजवळ रडणाऱ्या गोकुळाचे काढले. एकतीस झाले. चार वाजता ट्रक गेला, आणि त्याच्याबरोबर चूक सुधारायची सोयही गेली.

पाच वाजता वावधन आलं. धुळीचा लोट, पाठोपाठ वारा, मोहाच्या फांद्या कडाकडा मोडल्या, मांडवाचा एक कोपरा बसला. अर्ध्या तासात सगळं शांत झालं. प्रेमिला पिशवी घेऊन मुक्कामी गाडीची वाट बघत सडकेवर उभी राहिली. गाडीत निजली असती तरी चाललं असतं. फक्त त्या घरात परत जायचं नव्हतं. दिवे लागले तरी गाडी आली नाही. सायकलवरून आलेल्या एकाने सांगितलं, सडकेवर सागाची झाडं आडवी झाली आहेत, उद्या दिवसभर तरी वाट मोकळी होत नाही.

म्हणजे आणखी एक अख्खा दिवस.

सकाळी देवरावांनी तिला चहा स्वतः आणून दिला. शेजारची चंदा येऊन म्हणाली, माझाही एक फोटो काढा. जो भेटेल तो विचारायचा, फोटो कधी येतील? मी दिसतो का त्यात? आत्याबाईचं तोंड वाकडं आलं का? प्रेमिला हसत राहिली, जसं सांगितलं होतं तसं. दुपारच्या जेवणापर्यंत तिचे गाल दुखायला लागले होते. कोणी एक शब्द वाईट बोललं असतं तर बरं झालं असतं. पण लोक तिला ताटात दोन मुटके भात जास्त वाढत होते.

दुपारी ठमाबाई विहिरीजवळ लग्नाची मोठी भांडी घासत बसल्या होत्या. प्रेमिला त्यांच्याजवळ गेली, एक गंज ओढून घेतला आणि राख लावून घासायला लागली.

"राहू दे वं. तू पाव्हनी."

"बाई," प्रेमिला म्हणाली, "हाराचा फोटो नाई आला."

ठमाबाईंचा हात चालूच राहिला. "धुवासाठी वडशाले न्या लागते न?"

"धुऊन येनार नाई. रोल सरकलाच नाई. मायी चूक झाली. लगनाचा एकबी नाई. पंगतीपासूनचे आहेत."

आता हात थांबला. ठमाबाईंनी तिच्याकडे बघितलं नाही, विहिरीच्या काठाकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "म्हंजे मायासाठी लगन झालंच नाई."

प्रेमिलाला जे येत होतं ते ती भराभर सांगायला लागली. चेहरे आहेत, दुसऱ्या फोटोंतले. ते कापून लावता येतात. हात दुसऱ्या कोणाचे घेता येतात. मागचा मांडव आज काढता येतो. सगळं चिकटवून, सांधे रंगवून, त्याचाच पुन्हा फोटो काढला की सांधा कोणाला दिसत नाही. नाटकवाल्यांचे तिने असे कितीतरी केले होते. एक नट वडशात, एक नटी नागपुरात आणि पोस्टरवर दोघं एकमेकांच्या गळ्यात.

"खोटा?" ठमाबाईंनी विचारलं.

"खोटाच. पन कोनाले समजनार नाई."

ठमाबाईंनी गंजावर पाणी ओतलं, तो पालथा घातला, दुसरा घेतला. तोही घासून झाला तेव्हा म्हणाल्या, "कोनाले समजनार नाई, त मग मलेबी उभी कर त्यात."

सडक दुसऱ्या दिवशीही दुपारनंतरच मोकळी झाली. प्रेमिलाला ते बरंच पडलं, कारण तिला अकराचं ऊन हवं होतं. हार पडले तेव्हाचं. उजेडाची बाजू चुकली तर नाकाच्या सावल्या उलट्या पडतात आणि सगळं उघडं पडतं. देवराव शेतावर गेल्यावर तिने ठमाबाईंना मांडवात त्याच जागी उभं केलं. स्वच्छ पांढरं लुगडं, ओंजळीत झेंडूच्या पाकळ्या. "गोकुळा इथी आहे असं समजून टाका," ती म्हणाली. ठमाबाईंनी पाकळ्या टाकल्या. पहिल्या वेळी त्यांना नीट टाकता आल्या नाहीत, हात अंगालाच चिकटून राहिला. दुसऱ्या वेळी मोकळा झाला. मग चंदाच्या हातात शिळा हार देऊन फक्त हातांचे दोन. शेवटचा रिकाम्या मांडवाचा. लिव्हर अडली. रोल संपला होता.

वडशाला आल्यावर तिने गुणवंतरावांना दारातच सगळं सांगितलं. ते खूप ओरडले. कॅमेरा हातातून काढून घेतला, रोल परत गुंडाळायची कळ तिच्या नाकापुढे धरली. "लिव्हर ओढली का हे फिरते का नाई हे पाहाचं असते प्रत्येक फोटोले! हे सांगाचं राह्यलं का मायं?" आणि मग एकदम खाली बसले, कारण सांगायचं राहिलंच होतं.

"देवरावले सांगतलं?"

"नाई."

"बरं केलं. जा. बस टेबलावर."

पुढचे बारा दिवस ती त्या काळ्या खोलीत होती. चेहरे आणि अंगं एका मापात यावीत म्हणून प्रत्येक निगेटिव्ह तीन-तीन आकारांत छापली. ते प्रिंट ब्लेडने कापले. कापलेली कड मागून बारीक पॉलिश पेपरने घासून इतकी पातळ केली की चिकटवल्यावर उंचवटा राहू नये. चंदाचे हात गोकुळाच्या खांद्याला लावले आणि सांध्यावर पदराची चुणी रंगवली. गोकुळाचा चेहरा ट्रकजवळच्या फोटोतला घ्यावा लागला. दुसऱ्या कुठल्याच फोटोत ती तशी बाजूने वळलेली नव्हती. त्यात तिचे डोळे सुजलेले होते, गालावर ओघळ होते. प्रेमिलाने ते एकेक करून घालवले, चारच्या उन्हातली नाकाची सावलीही बुजवली. ओठाचा कोपरा केसाएवढा वर उचलला. मागे उजव्या हाताला ठमाबाई. मग सगळ्याचा मोठ्या कॅमेऱ्याने पुन्हा फोटो, आणि नव्या निगेटिव्हवर पुन्हा पेन्सिल.

गुणवंतरावांनी ओला प्रिंट चिमट्याने उचलून दाराशी नेला आणि उजेडात धरला. बराच वेळ सांधा शोधला.

"हे बाई कोन?"

"नवरीची माय."

"होती का हे तिथी?"

"आत कोठीत होती."

गुणवंतरावांनी प्रिंट परत पाण्यात सोडला. "मंग देवरावले तूच सांगजो. मी नाई."

देवराव पुढच्या आठवड्यात आले. प्रेमिलाने अल्बम त्यांच्यापुढे ठेवला. हाराच्या फोटोवर ते थांबले, चेहरा खुलला, आणि मग बोट उजवीकडे सरकलं.

"हे वयनी होय?"

"होय."

"हे कशी का..." त्यांनी गुणवंतरावांकडे पाहिलं. गुणवंतराव फ्रेमा पुसत होते.

मग प्रेमिलाने सांगितलं. रोल, कोठीची खोली, तो 'हो', चंदाचे हात, सगळं. देवरावांचा चेहरा आधी लाल झाला. "म्हंजे हे बनावट आहे? दीडशे मानसं जेवून गेली मायाइथून, आन फोटो बनावट?" ते उठून उभे राहिले. "बरं, चुकलं त चुकलं. पन वयनीले काढ यातून. ते नव्हती तिथी. पाव्हन्याईनं विचारलं त मी का सांगू?"

"काढता येते," प्रेमिला म्हणाली. "पन भाऊ, त्या जागी तशी तर नवरीबी नव्हती, नवरदेवबी नव्हता. खरं म्हनाल त यात कोनीच नाई."

"तिनं म्हटलं का, मले उभी कर म्हनून?"

"हो."

देवराव पुन्हा बसले. अल्बम मांडीवर उघडाच होता. स्टेशनात मालगाडी आली, डबे आदळत राहिले, गेली.

"मी आत बस म्हटलो तवा ते काईच बोलली नाई," ते शेवटी म्हणाले. "एक शब्द नाई." त्यांनी अल्बम मिटला आणि पिशवीत घातला. "राहू दे. पन हे बनावट आहे हे बाहेर जाऊ देऊ नका. बल्लारपूरले त बिलकूल नाई. शपथ घ्या दोघंबी."

दोघांनी शपथ घेतली.

त्या लग्नसराईत गुणवंतरावांनी तिला पुन्हा कुठल्या लग्नाला पाठवलं नाही. ती टेबलावर परत बसली. काम तेच होतं, पण आता तिला खोली लहान वाटायला लागली होती. पेन्सिल टेकवली की प्रत्येक चेहऱ्याखाली तिला दुसरा चेहरा दिसायचा.

दसरा उलटल्यावर एका सकाळी काउंटरवर एक बाई आली. उंच, हातात कापडी पिशवी, पोट दिसण्याइतकं वाढलेलं. प्रेमिलाने ओळखलं. गोकुळा बल्लारपूरच्या रेल्वेने उतरली होती आणि पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी निघाली होती. चिचटोल्याची गाडी दुपारची होती.

"बाई, एक विचारू का?" ती म्हणाली. "हार घालताना आई कुठी होती?"

प्रेमिलाने मागे पाहिलं. गुणवंतराव बाजारात गेले होते.

"काऊन?"

"मी पाह्यत होती तिले. हातात हार धरला आन समद्या गर्दीत तिलेच पाह्यत होती. नाई दिसली. दोन महिने मी तिच्यावर राग धरला. मंग फोटो आला. ते मायाच मांगं उभी, फुलं टाकून राह्यली." गोकुळाने काउंटरची कड घट्ट धरली. "मी विचारलं त म्हनते, होती न मी. काका म्हनते, होती. तवापासून झोप नाई मले. एवढी जवळ होती आन मी वळून पाह्यलं नाई? मी आंधळी झाली होती का?"

प्रेमिलाला शपथ आठवली. ठमाबाईंचा मोकळा झालेला हात आठवला. हा फोटो कोणाला दुखवेल हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं; सांधा दिसत नाही एवढंच तिने पाहिलं होतं. सांगावं तर आईचं लग्नात असणं जाईल आणि न सांगावं तर लेकीची झोप. शेवटी तिने काउंटरची फळी उचलली, गोकुळाला आत घेतलं, टेबलासमोरच्या खुर्चीवर बसवलं.

"तू आंधळी नव्हती," ती म्हणाली. "ते तिथी नव्हतीच."

आणि तिने पुन्हा एकदा सगळं सांगितलं. गोकुळा ऐकत होती. कोठीच्या खोलीचं ऐकलं तेव्हा तिने तोंडावर पदर धरला. शेवटी म्हणाली, "आन मी हसून राह्यली ते?"

"ते मीच केलं. तू ट्रकाजवळची आहेस. रडत होती."

"ते फोटो आहे का? रडतानाचा?"

निगेटिव्ह डब्यात होती. प्रेमिलाने ती काचेवर ठेवली, खालचा दिवा लावला. तिचा हात सवयीने पेन्सिलीकडे गेला.

"नको," गोकुळा म्हणाली. "आहे तसाच दे."

पडदा ओढून, लाल दिवा लावून प्रेमिलाने प्रिंट काढला. औषधाच्या पाण्यात कागद हलवत असताना आधी ट्रकचा फाळका आला, मग सुजलेले डोळे, मग ओघळ. गोकुळा तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती. प्रिंट पुरता वाळायला वेळ नव्हता, म्हणून तो दोन वर्तमानपत्रांत घालून दिला.

"आईले सांगशीन का, मले समजलं म्हनून?" प्रेमिलाने विचारलं.

गोकुळाने पिशवी उचलली. "पाहतो. आधी तिच्याजवळ घडीभर बसतो."

ती उन्हातून बस स्टँडकडे निघाली, एका हाताने पोट सांभाळत, दुसऱ्या हातात ओल्या प्रिंटचं पुडकं अंगापासून लांब धरून. प्रेमिला फळीशी उभी राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. मग आत आली आणि खिडकीवरचा पुठ्ठा कसा ठोकला आहे ते बोटांनी चाचपायला लागली. चार खिळे होते. दोन सैल होते.